पाण्यावाचून अडतीस किलोमीटर

सहा महिने मी दर रविवारी सकाळी बनियनवर खाली उतरून गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी भरत होतो. म्हणजे, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ते पाणी वायपरच्या टाकीत जात होतं. बॉनेट उघडलं की दोन पांढऱ्या टाक्या दिसतात, दोन्हींना झाकण, दोन्ही सारख्याच मळलेल्या... माणसानं ओळखायचं कसं? वायपर मी वर्षातून चारदा लावत असेन, त्यामुळे टाकी कायम भरलेलीच. ‘बघ, थेंबभर कमी झालं नाही, गाडी ठणठणीत आहे,’ असं मी बायकोला ऐटीत सांगायचो. ती पोळी लाटता लाटता नुसतं ‘हं’ म्हणायची.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं इंजिन, गॅस्केट, हीटर असले शब्द येतील आणि तुम्हाला वाटेल, माणूस जाणकार दिसतोय. तसं काही नाही.

आणि आणखी एक. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे, सत्तावीस वर्षं थर्मामीटर पुसतोय. आमच्या कॉलनीच्या तिठ्यावर कुणी लिंबू-मिरच्या उतरून टाकल्या तर त्यातल्या ताज्या मिरच्या निवडून घरी आणणारा माणूस मी. (मंगलनं — म्हणजे बायकोनं — त्या कधी फोडणीत घातल्या नाहीत, हा भाग वेगळा.) तेव्हा जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. कुणाला कारण सापडलं तर जरूर सांगा, मी वाटच बघतोय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेदहाला गजाननचा फोन आला. गजानन माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा, तिशीतला, शेती बघतो.

“मामा... माय गेली वो.”

“कुठं गेली?” मी विचारलं. खरंच विचारलं. काही क्षण माणूस किती मूर्ख होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला न्हाऊ घालून, डोक्यावर पळीभर तेल थापून शाळेत ढकलणारी अक्काच. चाकूरहून सात-आठ किलोमीटर आत एका खेड्यात तिला दिलेली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्या दिवशी सकाळचं सगळं आवरून ती न्हाणीपाशी टेकली, ती टेकलीच. ना आजार, ना दवाखाना.

“थोरले काका म्हनलेत पाचला उचलायचं,” गजानन सांगत होता. “ऊन लई हाय, ठिवता येत न्हाई. तुमी साडी तेवढी घेऊन या, मामा. पाचच्या आत या.”

आमच्याकडं बाईमाणूस गेलं की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. भाऊ घेऊन येतो. सासरच्यांनी कितीही भारीतली आणू दे, ती खाली. वर माहेरची. अक्काच्या माहेरात आता पुरुषमाणूस म्हणजे मी एकटा. मी नाहीच पोचलो तर? तर घरातलीच एखादी साडी घालून तिला नेलं असतं. आणि त्या गावात पुढं कायम म्हटलं गेलं असतं की हिला शेवटी माहेर नव्हतं.

दुकानात जायची गरज पडली नाही. साडी घरात होती, कपाटात, खोक्यात, घडी न मोडलेली. ती घरात कशी होती ते पुढं सांगतो. इथं सांगायला जीभ रेटत नाही.

बाराला आम्ही दोघं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मंगलच्या मांडीवर ते खोकं, वर कुंकवाची पुडी आणि हिरव्या बांगड्या. अहमदपूर सोडून थोडं पुढं आलो आणि मला तो टेंपरेचरचा काटा दिसला. तो लालच्या पार पलीकडं जाऊन टेकला होता.

मी लगेच एसी बंद केला आणि हीटर फुल्ल लावला.

“अहो! बाहेर त्रेचाळीस आहे!”

“इंजिनातली गर्मी आत ओढून घेतो हीटर. मोबाईलवर बघितलंय मी.”

“मग मोबाईलवर गाडीही बघून घ्यायची होती,” मंगल म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. घाम होता की रडत होती, मी बघितलं नाही.

किलोमीटरभर गेल्यावर बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली. एका बाभळीची विरळ सावली होती, तीत अर्धी गाडी मावली. मी हाताला टॉवेल गुंडाळून थेट रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तर मंगलनं मागून माझी कॉलर धरली.

“हात भाजले तर साडी कोण धरणार तिथं?”

अर्धा तास थांबलो. समोरच्या शेतातून एक म्हातारबा पाण्याचा कॅन घेऊन आले. धोतर, डोक्याला टॉवेल. आधी मला पाणी पाजलं, मंगलला पाजलं, मग बॉनेटमध्ये वाकून बघितलं.

“सर, ही टाकी तर काठोकाठ हाय की.”

“हो, मी दर रविवारी भरतो ना.”

“ही काचंवर पिचकारी मारायची टाकी हाय, सर. इंजिनाची ही दुसरी. हिच्यात तर कोळी ऱ्हायलाय.”

मंगलनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झालीत, तिच्या बोलण्याची मला सवय आहे, न बोलण्याची नाही.

म्हातारबांनी झाकण उघडून पाणी ओतलं. ते वरून गेलं आणि तसंच खालून मातीत गेलं. गाडीखाली हात घालून त्यांनी चाचपलं.

“पायप फाटलाय. हे बगा, बोट जायलंय आत.”

त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणून आवळून बांधली. पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा मातीत. कॅन संपला.

“चालवू नगासा. पाच-सा किलोमीटरला इंजिन जाम व्हतंय. मग गाडी भंगारात. कुनीकडं निघालाव?”

“बहीण गेली. साडी घेऊन चाललोय.”

म्हातारबांनी डोक्यावरचा टॉवेल काढला आणि स्वतःच रस्त्यावर जाऊन हात करायला लागले. दोन ट्रक थांबले नाहीत. एसटी खचाखच भरलेली, तीही थांबली नाही. मग एक जीप थांबली. फुलांच्या माळा, आत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, बायका दाटीवाटीनं बसलेल्या. एक बाई हसत म्हणाली, “बसा की, सरकून घेऊत. कुठं लग्नालाच का?”

मी म्हणालो, “नाही, मैताला. बहिणीची साडी आहे.”

हसू गेलं. त्या बाईनं नवरदेवाच्या गुडघ्यावर हात ठेवला. ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, “दुसरी गाडी बघा, पाव्हणं. राग धरू नका.” राग कसला... नवरदेवाच्या गाडीत ती साडी मीही घेऊ दिली नसती.

“लग्नाला म्हणायचं होतं की,” मंगल म्हणाली. “एरवी काय खरं बोलता का तुम्ही?”

हे तिनं सहज म्हटलं की मुद्दाम, ते मला तेव्हा कळलं नाही.

साडेतीनला गजाननचा फोन. “मामा, कुठं आलाव?”

“अहमदपूर सोडलंय. गाडी जरा... कुणाला मोटारसायकलवर पाठवतोस का?”

“समदे लाकडाला गेलेत वो. बघतो कुनी घावलं तर. पर काका घाई करायलेत, मामा. बाया म्हनायल्यात, पाचपस्तोर बघू, न्हाई तर घरातली घालू.”

फोन ठेवून मी बाभळीखाली मटकन बसलो. पुढं अडतीस किलोमीटर. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं, आणि ते पुसायला तोच तेलकट टॉवेल हातात होता. तोंड काळं झालं असणार.

मंगल गाडीत जाऊन बसली. दार ओढून घेतलं.

“चला.”

“अगं, इंजिन जाम होईल.”

“होऊ द्या. पाच किलोमीटर तर पाच. तिथून पुढं चालत जाऊ. इथं बसून तरी कोण पोचणारंय?”

म्हातारबा बाजूला झाले.

गाडी सुरू झाली. काटा मधोमध होता. मी गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरवर ठेवली, चाळीसच्या पुढं नेली नाही, नजर काट्यावर. काटा हलला... आणि खाली गेला. अगदी तळाशी, सकाळी थंड गाडी सुरू करताना असतो तिथं. मला वाटलं, काटाच मोडला.

हीटर मी बंद करायचा विसरलोच होतो. आधी त्यातून भट्टीसारखी झळ येत होती. पाच किलोमीटर झाले असतील, झळ कमी झाली. मग कोमट. मग गार. एसीची कोरडी गार हवा नव्हे — ओली गार, माठावरचं फडकं तोंडावर धरावं तशी. मंगलनं काच वर घेतली. थोड्या वेळानं पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला. मे महिना, दुपारचे चार!

“अहो, गाडीत कुठं वाळा ठेवलाय का?”

“गाडीत कुठला वाळा?”

“माठातल्या पाण्यासारखा वास येतोय.”

मलाही येत होता. “मला नाही येत,” मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

शिरूर गेलं. चाकूर आलं, चाकूरही गेलं. एरवी आमच्या गाडीत डॅशबोर्ड वाजतो, मागचं दार वाजतं, सीटखाली काहीतरी वाजतं. त्या अडतीस किलोमीटरमध्ये काही वाजल्याचं मला आठवत नाही. मी एकदाही थांबलो नाही, थांबलो तर परत सुरू होणार नाही या भीतीनं. फाट्यावरून आत वळलो, कच्चा रस्ता लागला, आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी गाडी अक्काच्या दारात उभी राहिली.

मी उतरलो. पुढून वळसा घालताना आधाराला बॉनेटवर हात टेकला.

बॉनेट गार होतं.

नीट सांगतो. समोर उन्हात गजाननची मोटारसायकल उभी होती, तिच्या टाकीला हात लावला असता तर फोड आला असता. आमच्या गाडीचं छतही तापलेलं होतं. आणि अडतीस किलोमीटर चाललेल्या इंजिनावरचा पत्रा गार. मी दुसरा हातही टेकवून बघितला. तेवढ्यात “माहेरची साडी आली, साडी आली” असं दारापासून आतपर्यंत एकेक बाई म्हणत गेली, आणि मला आत जावं लागलं.

मंगलनं खोकं उघडलं, घडी मोडली. डाळिंबी रंगाची साडी. तिनं अक्काला ती पांघरली, बांगड्या भरल्या, मळवट भरला. मी पायांशी वाकलो. पायांवर हात ठेवला.

तोच गारवा. सत्तावीस वर्षं थर्मामीटर हाताळणारा माणूस म्हणून सांगतो, तळव्याला तो तंतोतंत तोच लागला. माझं चुकत असेल. चुकत असेल तर बरंच आहे.

दुसऱ्या दिवशी गजाननच्या ओळखीचे एक मिस्त्री चाकूरहून पाइप घेऊन आले. गाडीखाली शिरले, बाहेर आले, हात पुसले.

“टो करके लाये ना, सर?”

“नाही. चालवत आणली. अहमदपूरच्या पुढून.”

“मजाक नै, सर. मैत का घर है.”

मी शपथेवर सांगितलं. काटा खाली गेला तेही, हीटरमधून गार हवा आली तेही. त्यावर ते हसले. त्यांचं म्हणणं, त्यात काही नवल नाही. पाणीच नसलं की काट्याचा सेन्सर हवेत लोंबकळतो, खोटं दाखवतो. आणि हीटरमध्ये गरम पाणी फिरलं नाही की हवा गरम होणारच नाही. मला जरा हायसं वाटलं, खरं सांगायचं तर. मग त्यांनी ऑइलची कांडी ओढून बघितली, प्लग काढून बघितले, गाडी सुरू करून कान लावला. बराच वेळ लावला.

“गॅस्केट साबूत. हेड साबूत. तेल भी जला नै.” त्यांनी डोक्यावरची टोपी मागं सारली. “मैं नै जानता, सर. तीस साल से ये काम कर रहा, मैं नै जानता.”

नवा पाइप बसला. रेडिएटरमध्ये घालायला पाणी हवं होतं. ओट्यावर बसलेले दाजी, अक्काचे यजमान, आदल्या दिवसापासून जेमतेम चार शब्द बोलले असतील. ते म्हणाले, “ती घागर हाय की गेटापाशी. गाडीचीच हाय.”

“कुठल्या गाडीची?”

“तुज्याच. दिवाळीपासून रोज भरती ती. कालचं झाडाला वतायचं, सकाळी रांजनातलं ताजं भरायचं. बाळूची गाडी गरम व्हतीया, म्हनायची, कवा यील नेम न्हाई, आल्यावर पान्यासाठी फिराय नगं. मी म्हनलो, अगं, नळाचं घाल की. न्हाई म्हनली, माज्या भावाच्या गाडीला खारं पानी कशाला? काल सकाळी बी ती घागर भरूनच टेकली न्हाणीपाशी.”

आता मघाशी राहिलेलं सांगतो.

दिवाळीत माझी गाडी गरम होत नव्हती. गाडीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. भाऊबीजेला मंगलनं ही डाळिंबी साडी आणून ठेवली होती, आणि मला कंटाळा आला होता. बस्स. भांडण नाही, वाटणी नाही, नुसता सुट्टीचा कंटाळा. मी अक्काला फोनवर सांगितलं, “गाडी गरम होतेय गं, दुरुस्त झाली की येतो.” धाकटी शोभा धर्माबादला असते, तिलाही तेच सांगितलं — दोन बहिणींना एकच कारण, डोक्याला ताप नको. संक्रांतीलाही तेच. अक्का दर फोनला विचारायची, “गाडी नीट झाली का रे?” आणि मी म्हणायचो, “मिस्त्री सापडत नाही गं.” दर रविवारी पाणी भरायची टूम मी तेव्हापासूनच काढली होती. मनाला जरा बरं वाटायचं.

गजानन घागर आणायला गेला. हातात धरून परत आला आणि तिथंच उभा राहिला.

“मोकळी हाय, बाबा.”

“काल भरलीया तिनं. माज्यासमोर.”

“मांडव टाकताना मीच बघितलो, भरलेली व्हती. कुनी कलंडंल म्हनून झाकन घालून वर वीट ठिवलो.” तो घागरीत बघत होता. “वीट बी हाय तशीच हाय.”

मी ती हातात घेतली. पितळी घागर, तळापर्यंत कोरडी. तोंडाशी नाक नेलं. अक्का पिण्याच्या रांजणात कायम वाळ्याची जुडी टाकायची, लहानपणापासून. मी घागर मंगलपुढं धरली. तिनं वास घेतला आणि मान दुसरीकडं वळवली.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. मे महिना, दारात दोन-अडीचशे माणसं, कुणीतरी पाणी प्यालं असेल आणि वीट परत ठेवली असेल. काट्याचं मिस्त्रींनी सांगितलंच. वास दुःखात येतात. हे सगळं मी मलाही सांगून बघितलंय, क्रमानं, लॅबच्या जर्नलमध्ये लिहितात तसं. पण इंजिनाचं काय करू? नांदेडला आल्यावर आणखी दोन मिस्त्र्यांना विचारलं. एकानं सांगितलं, पाणी पूर्ण गेलं नसेल. दुसऱ्यानं सांगितलं, अंतर मोजण्यात तुमची चूक आहे. मी मान डोलावली. वायपरच्या टाकीची गोष्ट त्याच्या कानावर आधीच गेली होती, वाद घालायला मला तोंड नव्हतं.

तेरावं उरकलं. आम्ही नांदेडला परतलो. त्या रात्री जेवताना मीच विषय काढला, म्हणालो, “मंगल, गाडी कशी आली असेल गं? तुला काय वाटतं?”

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

“येत्या रविवारी शोभाताईकडं जायचंय आपल्याला, धर्माबादला,” ती म्हणाली. “आत्ताच फोन करून सांगा. अन् एसटीनं जायचं.”